दोन बोटं जादा

आमच्या गल्लीतल्या शिंप्याला सगळे मास्तर म्हणायचे. गडी सत्तरीला टेकलेला, पण सुईत दोरा अजून एका झटक्यात ओवायचा. त्याची एक खोड होती. गिऱ्हाईक कितीही काटकुळं असो, शिवणीच्या आत दोन बोटं कापड जादा सोडायचंच. म्हणायचा, "आत असलं तर उसवून सोडता येतं. नसलंच तर काय माझी कातडी लावू?"

बायकोचे गुडघे पार गेले होते. जिना ती बसून, एकेक पायरी घसरत उतरायची. सरकारी आरोग्य कार्डावर ऑपरेशनला दोन वर्षांची रांग. लेक म्हणाली, "बाबा, खासगी विमा घ्या. तीन महिन्यांत गुडघे होतात. फक्त सरकारी कार्ड आधी परत करावं लागतं."

आठवडाभर मास्तर दोन्ही कागद मशीनवर पसरून बसला. शेवटी कार्ड परत केलं आणि खासगीचा फॉर्म भरायला घेतला. त्यात 'इतर आजार' असा रकाना आला. गुडघे सोडले तर बाई ठणठणीत. पण हात शिंप्याचा! उद्या काही निघालंच तर आधी लिहिलेलं बरं, म्हणून त्यानं छातीतली धडधड लिहिली, साखर लिहिली, वर थोडा दमाही लिहिला.

पंधरा दिवसांत उत्तर आलं. एवढे आजार असलेल्या बाईंना विमा देता येत नाही.

मास्तर तडक कंपनीच्या कचेरीत गेला. "ताई, तिला यातलं काही नाही हो. मीच आपलं सैलसर लिहिलं."

"म्हणजे खोटं लिहून सही केलीत, आजोबा? तसं नोंदवलं तर कुठलीच कंपनी दारात उभं करणार नाही."

"मग खरंच धरा."

"खरं धरूनच नाकारलंय."

दुसऱ्या दिवशी तो बायकोला घेऊन सरकारी खिडकीवर गेला. तिला बाकावर टेकवलं नि रांगेत उभा राहिला. खिडकीतला कारकून कागदावरून नजर न काढता म्हणाला, "परत दिलेलं कार्ड पुढच्या वर्षीच मिळतं, काका. आणि गुडघ्याच्या रांगेत नंबर नव्यानं, अगदी शेवटचा."

मास्तर बाकाशी आला.

"काय म्हणाले?"

"थांबा म्हणाले."

"बसून का उभ्यानं?" म्हातारी म्हणाली. "उभ्यानं असेल तर तुम्हीच थांबा बाई."

मास्तरला हसू येईना. त्यानं तिच्या काखेत हात घातला. दोनदा जोर लावला, ती उठली नाही. मग तोही तिच्याशेजारी बसला.