सोमवारच्या जेवणाचं उत्तर

डॉ. यशवंतबाबांना मी पहिल्यांदा भेटले ती नोकरी मागायला. गोव्यात, डिचोलीतल्या त्यांच्या दवाखान्यात डोळ्याच्या पडद्याचे फोटो काढायला माणूस हवं होतं. प्रमाणपत्रं बाजूला ठेवून त्यांनी विचारलं, "जाणट्या मनशांकडे उलोवपाक येता मगो तुका?" म्हाताऱ्या माणसांशी बोलता येतं का, एवढंच त्यांना हवं होतं, आणि मी फुशारकीने हो म्हटलं. आज त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त लिहिताना त्या फुशारकीची लाज वाटते.

बाहुली मोठी करायचे थेंब घातले की अर्धा तास थांबावं लागतं. तेवढ्यात डॉक्टर वयस्क रुग्णांशेजारी बाकावर बसतात आणि आज वार कोणता, काल काय जेवलात, असं गप्पांच्या ओघात विचारून कागदावर टिपतात. पडद्यातला मज्जातंतूंचा थर पातळ झाला असेल तर त्याचा कधी कधी विस्मरणाच्या आजाराशी संबंध असू शकतो. पण नुसत्या फोटोवरून काही ठरवायचं नाही, माणसाशी बोलायचं, हा त्यांचा दंडक. सुर्ला गावच्या शिबिरात रांग वाढली म्हणून मी घाई करू लागले, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "रांग रावतली गो. हो मनीस घरा गेलो काय परत येवचो ना."

हा दंडक मी माझ्याच बाबांच्या बाबतीत मोडला. बाबा जवळच्याच मुळगाव या गावचे, उभा जन्म खनिजाचा ट्रक चालवला. त्यांना तपासायला आणलं तो मंगळवार होता. डॉक्टर शस्त्रक्रियेत होते, म्हणून प्रश्न मला विचारायचे होते. बाबा पहिल्याच प्रश्नाला अडखळले. भावाची सोयरीक जुळत आली होती. आमचे बाबा भ्रमिष्ट होताहेत असं गावभर झालं तर? मी सगळी उत्तरं स्वतःच भरली. काल काय जेवलात, या प्रश्नापुढे सवयीने आमचं नेहमीचं कालवण-भात, 'माशांचं हुमण आणि शीत', लिहिलं.

फोटो पाहून डॉक्टर म्हणाले, "थर पातळ दिसता. डोळ्याचो दाब बरो आसा, म्हणजे काचबिंदू दिसना. हीं उत्तरां बाबांनीच दिलीं मगो?"

"होय, डॉक्टर."

लग्न थाटात झालं. दोन वर्षांनी बाबा सुर्ल्याच्या वाटेवर आपला ट्रक शोधताना सापडले. आधी कळलं असतं तर आजार थांबला असता, असं डॉक्टर कधीच म्हणाले नाहीत. पण आपल्याला काय होतंय हे बाबांना तेव्हा समजलं असतं, मनातलं काही त्यांनी आम्हाला सांगितलं असतं. ते दिवस मी त्यांच्याकडून हिरावून घेतले. तेव्हापासून दर रविवारी डॉक्टर घरी येतात, बाबांशी बोलत त्यांची नखं कापतात, आणि मला एका शब्दानेही दोष देत नाहीत.

हा लेख लिहायला बसले आणि हात चालेना. शेवटी त्यांच्यापुढे सगळं कबूल केलं.

"माका तेन्नाच कळ्ळां गो," ते म्हणाले. "सोमारा तुमच्या घरात नुस्तां कोण रांदता? तुझी लज राखूक गेलों आनी बाबांक विचारूंक ना. चूक माझीय आसा. बरयतलीस तर हां पयलां बरय."

मंगळवारचं 'काल' म्हणजे सोमवार, आणि सोमवारी आमच्या घरात मासे शिजत नाहीत. लिहिशील तर हे आधी लिही, ही त्यांची आज्ञा पाळली आहे. पण चूक त्यांचीही होती, हे मी मान्य करणार नाही. बाबांचीही क्षमा मागितली. त्यांनी हसून विचारलं, "तू कोणाची गो, बाय?"

तिथे मला उशीर झाला. यशवंतबाबांचे आभार तरी वेळेत मानते आहे. त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. आणि आमची लाज राखण्यासाठी त्यांनी यापुढे कधीही गप्प बसू नये.