पाचवा गोळा

"उचलायचं मागून. आधी जवळ घ्यायचं," असं म्हणत ताई दोन्ही तळवे खाकी पँटीला मागं पुसायच्या आणि मगच वाकायच्या. समोर पाण्याचा जार असो नाहीतर लोखंडी पेटी, हे पुसणं कधी चुकलं नाही.

चिकलठाण्याला आमच्या कारखान्याच्या फाटकावर त्या सुरक्षारक्षक होत्या. मी आत स्टोअरमध्ये. फाटकावरच्या बाईकडं आपण कुठं नीट बघतो? तुम्हीही कार्ड दाखवून पुढं जात असाल, मीही जायचो. एका सकाळी मात्र थांबावं लागलं. फाटकातच ट्रक पंक्चर होऊन अडला होता. ड्रायव्हर आणि एक हमाल सुटं चाक हलवता हलवता घामाघूम झाले होते. ताईंनी रजिस्टर मिटलं, तळवे पुसले, चाक छातीशी धरलं आणि चार पावलं चालत नेऊन ठेवलं. मग जागेवर येऊन मला म्हणाल्या, "भाऊ, कार्ड."

ड्रायव्हरनं व्हिडिओ काढला होता. तो फिरत फिरत गारखेड्यातल्या एका व्यायामशाळेच्या वस्तादांकडं गेला. परदेशात ताकदीच्या स्पर्धा होतात, ट्रक ओढायचे, दगडी गोळे उचलून ओट्यावर ठेवायचे, आणि त्यात बायकाही असतात, हे ताईंना वस्तादांनीच सांगितलं. ताईंनी मोबाईलवर त्या बायका पाहिल्या. दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "यातली एक लई भारी हाय, भाऊ. पण गोळा लांबून उचलती. कंबर धरंल तिची."

जगातल्या पहिल्या पाचांतल्या बाईच्या कमरेची काळजी आमच्या फाटकावर सुरू झाली होती.

तसले गोळे इथं कुठं मिळायचे? आमच्या भंगारात टाक्यांची लहानमोठी अर्धगोल झाकणं पडून होती. साहेबांना विचारून ती दिली. वस्तादांनी त्यांचेच साचे केले आणि सिमेंटचे पाच गोळे ओतले, तिथल्याच वजनांचे, एकापेक्षा एक जड. ताईंच्या घरामागच्या मोकळ्या प्लॉटवर रोज सकाळी सराव चालायचा. नवरा गेल्यापासून घरात सासू आणि सून दोघीच. सासूबाई आधी म्हणायच्या, "पोट सरकंल, बये." महिन्याभरात त्याच खुर्ची टाकून पंच झाल्या. गोळा ओट्याच्या कडेला नुसता टेकून मागं आला की, "धरत नाय. पुन्हा."

चार गोळे ओट्यावर जायचे. पाचवा मांडीवर यायचा, तिथून पुढं हलायचा नाही.

देशातली अशीच स्पर्धा ताईंनी जिंकल्यावर दोन वर्षांनी परदेशातलं बोलावणं आलं. रजेचा अर्ज मी लिहायला घेतला. "कारण काय लिहू?"

"गोळे उचलायला चालले, असंच लिवा. खोटं कशाला?"

साहेबांनी तो अर्ज दोनदा वाचला आणि सही केली.

स्पर्धा आम्ही दुपारी कँटीनमध्ये मोबाईलवर पाहिली. सासूबाईंनाही बोलावून घेतलं होतं. बाकीच्या बायका ताईंपेक्षा वीतभर उंच. ट्रक ओढण्यात ताई पाचव्या आल्या. उरले गोळे. पहिले चार त्यांनी भराभर ठेवले. पाचवा मांडीवर घेतला आणि त्या थांबल्या. इतका वेळ थांबल्या की मला वाटलं, आता सोडणार. मग उभ्या राहिल्या. गोळा पहिल्यांदाच छातीपर्यंत आला, ओट्याच्या कडेला लागला आणि मागं घरंगळला. वेळ संपला.

 सासूबाई म्हणाल्या, "टेकला होता. मी पाहिला." पहिल्यांदाच त्यांनी पंचाचं काम सोडून सासूचं केलं. बहुतेकींचे तीनच गोळे गेले होते, त्यामुळं एकूण गुणांत ताई तिसऱ्या आल्यात, हे आम्हाला पाच मिनिटांनी कळलं.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. मी म्हणालो, "पाचवा थोडक्यात राहिला, ताई."

"ऱ्हाऊ द्या. छातीपर्यंत आला ना? इथवर कधी आला होता का?" आणि खूप वेळ हसत राहिल्या. ते हसू खोटं नव्हतं. मी त्यांना ओळखत होतो.

परत आल्या त्या दुसऱ्या दिवशी फाटकावर हजर. कार्ड मागणं तसंच. पुढच्या हिवाळ्यात एका रविवारी मी त्यांच्या घरी चहाला गेलो असताना पाचवा गोळा ओट्यावर गेला. मी टाळी वाजवणार होतो, पण खुर्चीकडं बघून थांबलो. सासूबाईंनी उठून गोळ्याभोवती एक फेरी मारली, ओट्याखाली वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "धरला." मग आत जाऊन चहा टाकला.

गेल्या वर्षी ताईंना पंजाबात मुलींना हाच खेळ शिकवायची नोकरी मिळाली. सासूबाईंना घेऊनच त्या गेल्या. विमानतळ आमच्या कारखान्यापासून जवळ, म्हणून प्रवेशपास काढून आतपर्यंत पोचवायला मी होतो. सामानाचं वजन जास्त भरलं. जगात तिसरी आलेली बाई काट्यापाशी खाली बसून पिशवीतलं लोणचं बाहेर काढत होती. ती बरणी माझ्या हातात आली.

निघताना मी हात पुढं केला. इतक्या वर्षांत आम्ही कधी हात मिळवला नव्हता. त्यांचा तळवा सहाणेसारखा खरखरीत होता. पण माझी बोटं त्यांनी धरली ती इतकी अलगद, की मूठ मिटली आहे की नाही ते मला पाहावं लागलं.