बापाचा नियर मिस रिपोर्ट

पुस्तक मिटून, आत बोट तसंच ठेवून काका विचारायचे, "या पोराले भेव कायचं हाय?" प्रश्न नायकाबद्दल असायचा, पण चोरी पकडल्यासारखी दचकायचे मीच.

प्लांटच्या वसाहतीत, सेक्टर दोनमध्ये, ते आमच्या समोरच्या क्वार्टरात राहायचे. नोकरी प्लांटच्या सेफ्टी विभागात. अपघात होता होता टळला की तिथे रिपोर्ट लिहितात, त्याला नियर मिस म्हणतात. काका कादंबऱ्याही तशाच वाचायचे. त्यातही पोरगं मोठं होता होता चित्रकार नाहीतर लेखक होतं, अशाच. मनोविश्लेषणाची जाड पुस्तकं त्यांनी एकट्याने पालथी घातली होती. नियर मिसच्या रद्दीतल्या फॉर्मवर नायकाचा रिपोर्ट लिहायचे : धोका काय, कोणापासून, वाचला कसा. "कलाकार उगाच होत नाही, पोरी. घरातल्या कोणाले तरी भेते, मंग लिहिते."

आता तुम्हीच सांगा, अशा माणसाला आपली पहिली कादंबरी कोण दाखवेल? मी दाखवली. तिच्यात लिहिणाऱ्या मुलीचा बाप मरतो.

काकांनी आत तसाच एक फॉर्म खोचून वही परत आणून ठेवली तेव्हा मी आंघोळीला गेले होते. बाहेर येते तर बाबा ड्यूटीवरून आलेले, बूटही न काढता वहीतला फॉर्म वाचत उभे. 'धोका : वडिलांचा मृत्यू.' खाली काकांची सही. बाबा प्लांटमधले जुने फिटर. त्यांना वाटलं, आपल्याच नावाचा रिपोर्ट पडला.

"मी कधी मरून राहिलो होतो?" म्हणत ते तसेच समोर गेले. मी ओल्या केसांनीच मागे धावले. आता काका सांगणार, तुमच्या पोरीनं तुमाले मारलं.

काकांनी फॉर्म घडी करून खिशात घातला. "कादंबरीतला बाप हाय, भाऊ. तुमाले काय होते!"

बाबा हसत घरी परतले. माझा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच काका हळूच म्हणाले, "तुले बापाचं भेव नाही. तो मरंल याचं भेव हाय. म्हणून आधीच मारून मोकळी झाली. जिवंत बाप लिहून आण."

मला रागच आला. पण त्या दिवसापासून बाबांच्या स्कूटरला दहा मिनिटं उशीर झाला तरी मी दारात. आपण लिहिलं ते खरं झालं तर? तीन वर्षं एक ओळ जमली नाही.

काका रिटायर झाले, क्वार्टर सोडून भंडाऱ्याकडे गावी गेले आणि तिथेच वारले. जिवंत बाप मी लिहिला तो त्यानंतर. दाखवायला कोणी उरलं नव्हतं.

शेवटी एका दुपारी बाबांसमोरच वही उघडली आणि वाचायला लागले. बाप ड्यूटीवरून परत येतो, फाटक उघडतो, तिथे मी अडकले. पुढे वाचायची हिंमतच होईना.

बाबा डोळे मिटून ऐकत होते. म्हणाले, "थांबली कावून? तो घरात येते का नाही?"