शेपटीवर जाऊ नका

कुत्रा दवाखान्यात आला की आबा आधी त्याच्याकडे पाठ करायचे. मग दोन हात अंतरावर उकिडवे बसून जमिनीकडे बघत तळहातावर तंबाखू मळत राहायचे. मालक घाई करू लागला की म्हणायचे, "घाई कोनले शे? आधी त्याले मनी वळख करू द्या." थोड्या वेळानं कुत्रा आपणहून मागून यायचा, त्यांचा खांदा हुंगायचा. तेव्हा कुठे आबा हात पुढे करायचे, तोही खालून, हनुवटीजवळ. डोक्यावरून कधीच नाही.

हे सगळं मी औषधाच्या खिडकीतून बघायचो आणि आतल्या आत जळायचो. तुमच्यापासून काय लपवायचं?

गोष्ट दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीची. जळगावच्या गुरांच्या दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. डॉक्टरसाहेब बहुतेक फिरतीवर असत. जामनेरकडे गुरांत साथ आली की आठ-आठ दिवस तिकडेच. मागं दवाखाना माझ्या ताब्यात, निदान कागदावर तरी. आबा शिपाई. जनावर धरायचं आणि गोठा झाडायचा, एवढं त्यांचं काम. धुळ्याकडचे, साठीला टेकलेले, अंगठा उठवणारे. पण दारात पाय ठेवणारा प्रत्येक माणूस विचारायचा, "आबा कोठे शेतस?" मी समोर पांढरा कोट घालून उभा असायचो, तरीही.

एकदा एका वकिलांचा थोरला काळा कुत्रा आला. त्याची शेपूट जोरजोरात हलत होती. मला वाटलं, स्वारी खूश आहे. मी हात पुढे केला आणि कोटाची बाही त्याच्या तोंडात गेली. बाहेर आली ती खांद्यापर्यंत फाटूनच.

"शेपटीवर जाऊ नका, भाऊ," आबा म्हणाले. "शेपटी खुशीमा बी हालस नि रागमा बी हालस. कान देखा. आंग देखा."

अंग ताठ होतं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसत होता, तोंड गच्च मिटलेलं होतं, हे त्यांनी मला नंतर समजावून सांगितलं. नंतर शहाणपण सांगायला कोणालाही येतं, असं मी चारचौघांत म्हणालो. खरं म्हणजे ते आधीही काहीतरी सांगत होते. मीच ऐकलं नव्हतं.

माझा स्वतःचाही एक कुत्रा होता. राजा. तांबूस, गावठी, एक कान फाटलेला. मी तेव्हा पिंप्राळ्याला राहायचो. माझी मुलगी सुमी सात वर्षांची होती आणि राजा तिच्या मागेमागे असायचा. एका रविवारी आबा दवाखान्याची किल्ली द्यायला घरी आले. ओट्यावर बसले न बसले तोच राजा धावत गेला आणि त्यांच्या पायावर हनुवटी टेकून डोळे मिटून पडला. सुमीही जाऊन त्यांना चिकटली.

"आबा, राजा काय म्हणतो?"

"म्हनस, आज मना मालकनं डोकं गरम शे."

सुमी खिदळली. आतून बायको हसली. मला मात्र नाकाला मिरच्या झोंबल्या. भाकरी माझी, ओटा माझा, आणि हनुवटी यांच्या पायावर! खाल्ल्या मिठाला जागणारं जनावर म्हणे. त्या दिवसापासून किल्ली आणायला मीच जाऊ लागलो.

पण मन काही शांत होईना. राजा माझंच ऐकतो हे सगळ्यांना दाखवायचं, असं मी ठरवलं. बाजाराच्या दिवशी दवाखान्यात गर्दी असते, तो दिवस गाठून मी त्याला घेऊन गेलो. टेबलावर उभं केलं. राजानं लांबलचक जांभई दिली, मग जिभेनं नाक चाटलं, पुन्हा चाटलं.

"बघा," मी जमलेल्यांना म्हणालो, "नाक चाटतोय. ठणठणीत आहे. आणि मी जवळ असलो की इतका निवांत, की झोपच येते त्याला."

तुमच्या घरी गुरं असतील तर माझी चूक तुम्हालाही चूक वाटणार नाही. नाक ओलं, जीभ नाकपुडीत, म्हणजे बैल निरोगी. आमच्या खानदेशात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी तर त्यावर पगार घेत होतो.

आबा हळूच म्हणाले, "भाऊ, तो बैल नही शे."

सगळा दवाखाना हसला. एक म्हातारी तर पदर तोंडाला लावून हसत बाकावर बसली. आबा एकटेच हसले नाहीत. ते जवळ येऊन मला एकट्याला ऐकू येईल असं बोलू लागले. "कुत्रं असं नाक चाटस, झोप नसताना जांभई देस, म्हंजे त्याले काही सुधरत नही. त्याले भेव वाटस. तो बोली ऱ्हायना, आपलेच ऐकू येत नही. नि एक ध्यानमा ठेवा, गुरगुरना ते मारू नका. त्यानी बोली बंद करशात, ते मंग दातच बोलतीन."

ते हसले असते तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

घरी येऊन मी नेमकं तेच केलं. राजा भाकरी खात असताना सुमी जवळ गेली की तो बारीक गुरगुरायचा. मी छडी घ्यायचो. आबा नको म्हणाले होते म्हणूनच घ्यायचो, हे आज लिहिताना लाज वाटते. पंधरा-वीस दिवसांत राजानं गुरगुरणं सोडलं. मी दवाखान्यात जाऊन ऐटीत सांगितलं, "आबा, एक शब्द काढत नाही आता." आबांनी मळलेली तंबाखू तोंडात न टाकता तशीच खाली झाडली आणि गोठ्याकडे निघून गेले. मी जिंकलो, असं मला वाटलं.

मग पोळा आला. आमच्याकडे बैल नव्हता, म्हणून सुमीनं राजालाच बैल केलं. पाठीवर गेरूचे ठिपके, गळ्यात घुंगरांची माळ, आणि अंगावर झूल म्हणून माझ्या बायकोचं जुनं लुगडं. गल्लीतून बैल चालले होते, ढोल कडाडत होता. राजाची शेपूट पायांत गेली होती. त्यानं जांभई दिली, नाक चाटलं, मान फिरवली, डोळ्यांचा पांढरा भाग दाखवला. मी ओट्यावर बसून हे सगळं पाहिलं. पाहिलं आणि शेजाऱ्याला म्हणालो, "बघा, कसा ठणठणीत आहे."

सुमी त्याच्या फाटक्या कानाला लोकरीचा फुंदा बांधायला वाकली. राजा गुरगुरला नाही. सरळ तिचा हात धरला.

रक्त पाहून कोणीतरी ओरडलं, "पिसायना!" लोक काठ्या घेऊन धावले. सगळे माझ्या तोंडाकडे बघू लागले, कारण दवाखान्यातला माणूस मी. मी म्हणालो, "हो, पिसाळलाय." दुसरं काही म्हणालो असतो तर चूक माझ्याकडे आली असती. सुमीला तिचा मामा दवाखान्यात घेऊन गेला आणि मी राजाच्या गळ्यात दोर अडकवून त्याला फरफटत आमच्या गुरांच्या दवाखान्यात आणलं. डॉक्टरसाहेब फिरतीवर होते. आबा एका बैलाचा खूर धूत होते.

"धर त्याला," मी म्हणालो. "मी विषाची पिचकारी भरतो." आयुष्यात पहिल्यांदा मी आबांना अरेतुरे केलं.

आबांनी हात पुसले. नेहमीसारखी पाठ फिरवून खाली बसले. अंगावर लुगडं नि गळ्यात घुंगरं असलेला राजा थरथरत मागून गेला आणि त्यानं त्यांच्या काखेत डोकं खुपसलं.

"गुरगुरना व्हता का?"

"नाही. मुकाट्यानं चावला. म्हणून तर म्हणतो, पिसाळलाय."

"कसा गुरगुरी, भाऊ? तुमीन त्यानी बोली काढी लिन्ही."

"मला शिकवू नकोस! धर म्हटलं ना!"

"मी धरत नही."

जनावर धरणं हीच त्यांची नोकरी. शिंगं मारणारे बैल धरले, लाथाळ घोडी धरली. मी धरत नाही, असं ते त्याआधी कधी म्हणाल्याचं मला आठवत नाही. "दहा दिवस आठे बांधी ठेवू," ते म्हणाले. "पिसायेल व्हई ते समजी जाई. नही ते जीव वाची."

मी कपाटाच्या कुलपाशी किल्ली घेऊन उभा होतो. आबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला.

"भाऊ, तुम्हीच व्हट चाटी ऱ्हायनात."

खरंच, ओठ चाटत होतो. किल्ली मी खिशात टाकली.

दहा दिवस राजा गोठ्यात बांधलेला होता. आबा त्याला भाकरी घालत, पाणी दाखवत. तो पाणी नीट प्यायचा. तिकडे माझ्या पोरीनं मात्र पोटात सुया घेतल्या. अकराव्या दिवशी मी राजाला न्यायला गेलो. हाक मारली. तो आला, शेपूट हलवत आला. माझा ऊर भरून आला, आणि तेवढ्यात मला बाकीचं दिसलं. शेपूट खाली होती. कान मागे चिकटलेले होते. माझ्यापाशी येता येता त्यानं दोनदा नाक चाटलं.

आबांनी शिकवलेलं मला पहिल्यांदाच वाचता आलं, आणि वाचलं ते हे. मी दोर आबांच्या हातात दिला.

पुढच्या वर्षी आबा नोकरीतून सुटले. मी त्यांना धुळ्याच्या सर्व्हिस मोटारपर्यंत पोचवायला गेलो. एक गाठोडं, एक कंदील आणि राजा. माफी मागायची असं मी वाटेत घोकत होतो, पण तोंड उघडलं ते जांभईसाठी. सकाळचे दहा वाजले होते, झोप येण्याचं काही कारण नव्हतं.

आबांनी ती जांभई पाहिली. माझ्याकडे पाठ केली, उकिडवे बसले आणि तळहातावर तंबाखू मळू लागले. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. "घाई कोनले शे?" ते जमिनीकडे बघत म्हणाले.

मग मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. "आबा, चुकलो," म्हणालो. त्यांनी चिमूटभर तंबाखू माझ्या हातावर ठेवली. मी खात नव्हतो, तरी ती दाढेत धरली.

थोड्या वेळानं माझ्या खांद्याला काहीतरी ओलं लागलं. राजा मागून येऊन हुंगत होता. मी वळलो नाही. त्यानं पुरतं हुंगून घेतलं आणि आबांच्या मागोमाग मोटारीत चढला. मोटार हलली तेव्हा खिडकीत दोघांची तोंडं होती. राजाची शेपूट आतच राहिली, ती मला दिसली नाही. मी कान पाहिले. दोन्ही सैल होते, फाटका तर वाऱ्यावर उडत होता.