काळूराम घरतांचे सुळे

पनवेलजवळच्या कोन गावच्या काळूराम घरतांच्या अंगावर इतके केस आहेत, की लहानपणी तळ्यावर पोहायला गेले की मुलं म्हणायची, "आधी स्वेटर काढ." वय त्रेपन्न. जासईच्या एका कंटेनर यार्डात ते क्रेन चालवतात. केबिनमध्ये दिवसभर एकटं बसावं लागतं, म्हणून खाली उतरल्यावर अखंड बोलतात.

त्यांची मुलगी कीर्ती खारघरच्या कॉलेजात शिकते. परीक्षेसाठी तिला दहा मिनिटांची फिल्म करायची होती, वेअरवुल्फवर. पौर्णिमेला माणसाचा लांडगा होतो, असं तिने जेवताना समजावून सांगितलं.

"लांडगा?" काळूराम म्हणाले. "आपल्यात वाघ व्हायचा. माझ्या आज्याचा मामा डोंगरात जाऊन मुळी खायचा नि वाघ व्हायचा. परत मानूस करायला बायकोनं अंगावर ताक ओतायचं. एकदा वाघ दारात आला, नि ती बाय मडकं टाकून पलाली. मामा ऱ्हायला तसाच."

"मग?"

"मग काय, तिनं दुसरं लगीन केलं."

कीर्तीने त्यांच्या केसाळ हातांकडे बघितलं. "बाबा, वेअरवुल्फ तुम्हीच व्हा ना. मेकअप कमी लागेल."

"लागनारच नाय," रंभाबाई, काळूरामांच्या पत्नी, भाकरी थापता थापता म्हणाल्या.

रविवारी सकाळी गावाबाहेरच्या धुक्यात शूटिंग सुरू झालं. मेकअपला कीर्तीच्या वर्गातला तौसीफ होता. त्याला खरंच काही काम उरलं नाही. फक्त दोन सुळे बसवायचे होते. पण लांडगा दोन शॉटच्या मध्ये सगळ्यांशी गप्पा मारायचा आणि सुळे पडायचे. तिसऱ्यांदा एक चिखलात पडला, तेव्हा तौसीफने तो धुतला आणि वैतागून दोन्ही सुळे नकली नखं चिकटवायच्या गोंदाने बसवले.

ते बसले ते बसलेच. आठ वाजता शूटिंग संपलं तरी निघेनात.

"अंकल, जोर मत लगाओ," तौसीफ घाबरून म्हणाला, "असली दात निकल आएंगे!"

पनवेलच्या दातांच्या डॉक्टर झेबांचा दवाखाना रविवारी अकराला उघडायचा. आणि नऊ वाजता जासईला रामू म्हात्र्याचं दहावं होतं.

रामू म्हणजे शेजारच्या क्रेनवरचा माणूस, वीस वर्षांचा दोस्त. पण दीड वर्ष दोघांत बोलणं नव्हतं. गावच्या क्रिकेट स्पर्धेत रामू अंपायर होता आणि त्याने काळूरामांना रनआऊट दिलं होतं. पाय आत होता, हे काळूरामांनी अख्ख्या तालुक्याला सांगितलं. रामूशी मात्र अक्षर बोलले नाहीत. तो आधी बोलेल, मग आपण बोलू, असं त्यांचं चाललं होतं. रामू चहा पिता पिता हार्ट अॅटॅकने गेला. अंत्ययात्रेत काळूराम सगळ्यांच्या मागे चालले होते.

"जायला तर पायजेच," रंभाबाई म्हणाल्या. "तोंड मिटून बसा. जमंल तेवढं?"

खाडीकाठी काळूराम तोंड मिटून बसले. लोक कुजबुजले, "काळूराम बोलत नाय बघा. केवढं लागलंय त्याला." दोघातिघांनी येऊन त्यांच्या पाठीवर हात ठेवला. लागलं होतंच. एरवी त्यांनी ते बोलून बोलून संपवलं असतं. आता ते डोळ्यांतून यायला लागलं.

पिंड ठेवला. कावळे समोरच्या झाडावर होते, पण एकही खाली येईना. रामूच्या मुलाने, प्रितेशने, आईला सांभाळीन म्हणून सांगितलं. घराचा वरचा मजला पुरा करीन म्हणाला. कावळे ढिम्म. भटजींनी दोनदा घड्याळ बघितलं.

तेव्हा रामूची बायको गोदूबाई उठली. दहा दिवस तिच्या तोंडातून शब्द निघाला नव्हता. "त्यांचा जीव त्या आऊटमंदी अडकलाय. भावजी, एकदा म्हना, मी आऊट होतो."

सगळ्या माना काळूरामांकडे वळल्या. त्यांनी ओठ न उघडता काहीतरी पुटपुटलं.

"मोठ्यानं बोल रं!" कोणीतरी ओरडलं. "आता तरी हट्ट सोड!"

काळूराम उभे राहिले, हात जोडले आणि तोंड उघडलं.

"लामू! मी आऊत ओतो!"

उन्हात सुळे लखलखले. भटजींच्या हातातली पळी पडली. रामूचा एक चुलता मागे सरकला तो गुडघ्यापर्यंत चिखलात गेला. गोदूबाई टक लावून बघत राहिली, मग तिने पदर तोंडाला लावला आणि तिचे खांदे गदगदायला लागले. बायका तिला सावरायला धावल्या, तर ती हसत होती.

"आवं भावजी, ह्यो काय अवतार!"

काळूराम खुलासा करायला लागले. कीर्ती, फिल्म, गोंद, आज्याचा मामा, सगळं सुळ्यांमधून. एकदा तोंड उघडल्यावर ते थांबणार थोडेच? त्या गलक्यात कावळा कधी शिवून गेला, ते एकट्या भटजींनी पाहिलं.

डॉक्टर झेबांनी अर्ध्या तासात सुळे काढले. बोलू नका, असं त्यांना सात वेळा सांगावं लागलं.

फिल्म कॉलेजात दाखवली, तेव्हा लांडगा झडप घालतो त्या प्रसंगाला वर्ग खो-खो हसला. कीर्ती पास झाली, पण परीक्षकांनी शेरा लिहिला : लांडगा फार लाघवी वाटतो.

काळूरामांनी तो शेरा यार्डात सगळ्यांना ऐकवला. घरी येऊन रंभाबाईंना हळूच विचारलं, "लाघवी म्हंजे काय गं?"

रंभाबाईंनी त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.