लसीतलं तेल आणि आत्याची करंजं

शेजारच्या वाडीत कोंबड्या माना वाकड्या करून मरायला लागल्या, तवा आत्या म्हणाली, "चल गं, उद्या खोपोलीला जाऊ." मानमोडी म्हणतात या रोगाला. कर्जतच्या दुकानात लस संपलेली. आत्याच्या गावरान कोंबड्यांची अंडी माथेरानच्या हॉटेलांत जातात, तिचं घर त्यावरच चालतं. कोंबड्या गेल्या तर सगळंच गेलं.

मी नववीत शाळा सोडली, आत्याकडंच राहते. लोकांसमोर बोलायला जमत नाय, म्हणून इथं लिवते. कुणाला अशाच कामाला जायचं असंल तर उपयोगी पडंल.

आमचं गाव कडावच्या पुढं. सकाळी टमटमनं कर्जत. स्टँडजवळ वडापाव खाऊन घ्या, पुढं लवकर काय मिळत नाय. मग खोपोलीची एसटी पकडली. पळसदरीकडून जाते, रस्ता काही ठिकाणी झकास, काही ठिकाणी आतडी हलवणारा. माझ्या मांडीवर रिकामा थर्मास, आत्याच्या मांडीवर करंजाच्या बियांची पिशवी. साजगावला घाणा हाय, तिथं तेल काढायचं होतं. आत्याला एका खेपेत दोन कामं केल्याशिवाय करमत नाय.

खोपोलीत जनावरांच्या डॉक्टर मॅडम भेटल्या. बाटली दाखवून म्हणाल्या, "ही तेलातली लस आहे. नुसती लस दिली तर शरीरातून लवकर निघून जाते. तेलात घोटली की एका जागी बसून राहते, हळूहळू सुटते. शरीराचं लक्ष तिच्याकडं जास्त वेळ राहतं आणि ताकद जास्त येते."

"कसलं तेल वो?" आत्यानं विचारलं.

"यात खनिज तेल आहे. पण झाडांच्या तेलांवर पण प्रयोग चाललेत. सोयाबीनचं वगैरे. त्यानं पण लस जास्त चांगली लागू पडेल असं वाटतंय. अजून बघतायत लोक."

माझं डोकं तिथंच फिरलं. खनिज म्हणजे जमिनीतलं. मग गाडीच्या आईलचा भाऊच की! ते कोंबडीत घालायचं? आन् झाडाचं चांगलं असंल तर अजून बघतायत कशाला? लस आन् तेल एकत्र कोण करतं? तोंड उघडलं, तेवढ्यात मागं रांगेतले एक काका खाकरले आन् माझा प्रश्न राहूनच गेला. मॅडमनी मानेच्या मागं कातडी चिमटीत धरून सुई कशी द्यायची ते दाखवलं. बाटली बर्फाला चिकटवून ठेवू नका, गोठली तर तेल फाटतं, असंही म्हणाल्या. आमी ती फडक्यात गुंडाळून बर्फ भरलेल्या थर्मासात ठेवली.

साजगावला शेअर रिक्षानं गेलो. कंपन्यांच्या गेटसमोरून धूळ खात जायचं, तोंडाला ओढणी बांधा. घाण्यावर हनीफचाचा बसलेले. बिया बघून म्हणाले, "कशाला गं एवढं तेल?"

"कोंबड्यांना," आत्या म्हणाली. "डॉक्टरीण म्हणाली झाडाच्या तेलानं लस चांगली लागते."

"करंजाचं? कडू जहर असतं ते! माणूस चाटंल तर ओकंल."

"तुमी घाणा फिरवा, कोंबड्या मी सांभाळते."

चाचा हसले. मी नाय हसले. आत्याच्या डोक्यात काय चाललंय ते मला तेवढ्यात कळलं. पण ती चुकतेय का बरोबर हाय, तेच ठरंना. मॅडम झाडाचं तेल म्हणाल्या होत्या, हे तर मी पण ऐकलं होतं. परत येताना पिवळं, उग्र वासाचं तेल बाटलीत डुचमळत होतं आन् माझं डोकं पण.

लस शेजारणीच्या फ्रिजात खालच्या कप्प्यात ठेवली. सकाळी अंगणात सगळी तयारी झाली. आत्यानं तिची लाडकी तांबडी काखेत धरली, दुसऱ्या हातात सिरिंज. लस नाय, करंजाचं तेल ओढत होती. ते लसीच्या बाटलीत सोडणार होती.

"आत्या, थांब!"

एवढ्या मोठ्यानं मी कधी ओरडले नव्हते. तांबडी पण दचकली.

"काय गं, साप बघितलास का?"

"आधी विचारू या. मॅडमना."

"मग विचार की! मी काय हात धरलाय?"

मॅडमनी चिठ्ठीवर फोन नंबर दिलेला. दोनदा लावला, उचलला नाय. तिसऱ्यांदा उचलला. काय बोलावं ते विसरले, मग एका दमात सगळं सांगून टाकलं.

"अजिबात नको!" मॅडम ओरडल्या. मग शांत झाल्या. "बरं झालं विचारलंस. लसीत तेल कारखान्यातच घोटतात, अगदी बारीक थेंब करून, स्वच्छ करून, मोजून. घरचं तेल घातलं तर लस बिघडेल, वर जखम पिकेल. आत्याला सांग, करंजाचं तेल खुराड्याच्या लाकडाला चोपड. पिसवा कमी होतील."

फोन स्पीकरवर होता. आत्यानं सगळं ऐकलं. सिरिंजमधलं तेल वाटीत सोडलं आन् दुसरी कोरी सिरिंज घेतली. मग मी एकेक कोंबडी धरत गेले, ती टोचत गेली. तांबडीच्या मानेवर बारीक गाठ आलीय. ती येतेच, मॅडम म्हणाल्या, लस तिथं बसलीय.

वाडीतला रोग अजून आमच्या दारात आलेला नाय. लसीनं का नशिबानं, ते मला सांगता येत नाय. झाडाचं तेल लसीत कसं काम करतं तेही नीट कळलं नाय. एकच कळलं, "झाडाचं तेल" एवढंच ऐकून घरी आलं तर घाण्यावरून सरळ कोंबडीच्या मानेत जातं. हे प्रयोग करणारं कुणी वाचत असंल, तर आमच्यासारख्यांना सांगताना तेवढं एक वाक्य जास्त सांगा: घरचं तेल लसीत घालू नका.

आत्या आता खुराड्याला तेल चोपडतेय. "बघ," म्हणते, "लागलंच की नाय शेवटी माझं तेल कोंबड्यांना?"