सुईताईंचा हात

सुईताई रेकॉर्डचं पहिलं गाणं कधी ऐकत नसत. दुरुस्त केलेली सुई तपासायची असली की त्या प्लेअरचा दांडा उचलून सरळ आत, कागदी लेबलाजवळ, शेवटच्या गाण्यावर ठेवत. तिथे वळणं लहान होतात, खाच दाटते, आणि थकलेली सुई तिथेच घोगरते. "सुरुवातीला सगळ्याच गोड गातात," त्या म्हणत, "आत आल्यावर कळतं." हे त्या सुयांबद्दल म्हणत. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मात्र हे माझ्या संसाराबद्दलच आहे असं धरून चालले आणि घरी येऊन दोन दिवस तोंड फुगवून बसले. तेव्हा माझं वय बासष्ट. नातवंडं दोन. अक्कल अजून यायची होती.

त्यांचं नाव वेगळंच होतं, पण जबलपूरच्या मराठी घरांत त्या सुईताईच. फॅक्टरीत बारीक उपकरणांच्या तपासणीवर सगळी नोकरी झाली, लग्न केलं नाही, आणि निवृत्तीनंतर राइट टाउनच्या आपल्या दोन खोल्यांत त्या जुन्या रेकॉर्ड-प्लेअरच्या सुया आणि कार्ट्रिज गोळा करत, दुरुस्त करत बसल्या. कार्ट्रिज म्हणजे दांड्याच्या टोकाला असते ती करंगळीच्या पेराएवढी डबी. तिच्यातून केसासारखी एक काडी बाहेर येते आणि काडीच्या टोकाला हिऱ्याचा कण असतो. रेकॉर्डमधलं गाणं सगळ्यात आधी त्या कणाला कळतं, मग आपल्याला. सुईताई माझ्याहून दोन वर्षांनी लहान, तरी सगळं गाव त्यांना ताई म्हणे आणि मला नुसती वहिनी. माझं दुखणं इथूनच सुरू झालं.

आपल्या घरी मसाल्याचा डबा असतो न, स्टीलचा, सात वाट्यांचा, तसाच त्यांच्याकडे होता. पण मोहरी-जिऱ्याच्या जागी सुया. एका वाटीत काडी शाबूत पण हिरा झिजलेल्या, दुसरीत हिरा चांगला पण काडी मोडलेल्या, तिसरीत रबर कडक होऊन ताठ झालेल्या. एकीचा हिरा काढून दुसरीच्या काडीवर बसवायचा, असं ते काम. कुठल्याही सुईला त्या "गेली" म्हणत नसत. "दमली आहे बिचारी," म्हणत आणि तिला योग्य त्या वाटीत निजवत. एवढ्या मायेनं माझ्याबद्दल 'दमली आहे' असं माझ्या घरात कोणी म्हटल्याचं मला आठवेना. म्हणजे बघा, मी सुईवरसुद्धा जळत होते.

आमचे हे रेल्वेतून निवृत्त झाले आणि सासऱ्यांच्या रेकॉर्ड माळ्यावरून खाली आल्या. गुरंदीच्या जुन्या बाजारातून एक प्लेअर आला. त्याची सुई खराब निघाली आणि कोणीतरी सुईताईंचा पत्ता दिला. मग काय, आठवड्यातून तीन दुपारी हे तिकडे. जाताना इस्त्रीचा शर्ट. हिवाळ्यात पनागरचा मटार पोत्यानं घरी येतो. तो सोलायला हाक मारली की यांची कंबर दुखे. तिथे मात्र जमिनीवर मांडी घालून राईएवढे स्क्रू निवडत बसत.

सुईताईंची काम करायची एक पद्धत होती. सूक्ष्मदर्शकाला डोळे लावले, चिमटा हातात घेतला, की त्या श्वास धरत. खोलीतल्या सगळ्यांनीही धरायचा. त्यांनी सोडला की आपण सोडायचा. मी बोलायला लागले की ज्या माणसाला चाळीस वर्षं जांभई येत आली, तो तिथे त्यांच्या श्वासाबरोबर श्वास घेत बसतो, हे मी एकदा दारातून पाहिलं. घरी येताना हे रिक्षात म्हणाले, "क्या हाथ है." मी त्याच आठवड्यात केस काळे केले.

पुढच्या खेपेला मी खोव्याची जिलबी घेऊन यांच्याबरोबर गेले. पाहू दे म्हटलं हिलाही, आमच्याकडे काय असतं ते. सुईताईंनी पुड्याकडे पाहिलं. "वहिनी, पाक हाताला लागला की काम बंद," त्या म्हणाल्या. मला वाटलं, झाला अपमान. तर त्यांनी सूक्ष्मदर्शकावर फडकं टाकलं, "चलो, आज बंद," म्हणून माझ्याजवळ येऊन बसल्या आणि तीन जिलब्या खाल्ल्या. माझ्या गुडघ्यांबद्दल विचारलं, माहेराबद्दल विचारलं. हे बिचारे कोपऱ्यात स्क्रू धरून बसलेले. यांची दुपार वाया गेली या आनंदात मी होते. ती बाई आपलं काम टाकून माझ्याशी बोलायला बसली होती, हे माझ्या लक्षातही आलं नाही.

आता त्या कार्ट्रिजचं सांगते. यांनी दोन वर्षं शोधून एक फार जुनं, दुर्मीळ कार्ट्रिज मिळवलं होतं, सुई मोडलेलं. सुईताई चार महिने त्याच्यावर बसल्या. रबर बदललं, काडी बदलली, आपल्या डब्यातला जपून ठेवलेला सगळ्यात चांगला हिरा तिला दिला. एका रविवारी संध्याकाळी आमच्या घरी आठ-दहा मंडळींना ते ऐकवायचं ठरलं. पाहुण्यांमध्ये पहिला मान अर्थात सुईताईंचा. मी सकाळपासून स्वयंपाकात, आणि हे दर तासाला येऊन सांगत, "त्या सुईजवळ कोणी जायचं नाही."

दुपारी हे झोपले. मी भाजीत हळद घालून बाहेर आले तर ती सुई उन्हात चमकत होती आणि तिच्यावर धुळीचा एक कण. मी म्हटलं, एवढं कौतुक कशाचं? पुसायचीच तर आहे. चाळीस वर्षं या घरातली धूळ कोणी पुसली? पदराचं टोक घेतलं आणि पुढून मागे फिरवलं. सुई पुसायची असते ब्रशनं, मागून पुढे, आणि सुईताई हे दहा वेळा बोलल्या होत्या. पण मी त्यांचं कशाला ऐकते? बारीकसा 'टक्' झाला. चूक होती की मुद्दाम, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. बारा आणे चूक होती. उरलेल्या चार आण्यांचं मी देवाला सांगेन.

संध्याकाळी दांडा रेकॉर्डवर टेकला आणि भांडं घासल्यासारखा आवाज आला. यांचा चेहरा पांढरा. सुईताईंनी दांडा उचलला, कार्ट्रिज काढून डबीत ठेवलं आणि म्हणाल्या, "घरी नेऊन बघते." जेवण छान झालं होतं असं सगळे म्हणाले. मी मानही वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला एकटीलाच बोलावलं आणि सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं.

"काय दिसून राहिलं, सांगा न वहिनी."

मला दिसला दोरखंड. वाकलेल्या काडीभोवती गुंडाळलेला, दोरखंडाएवढा जाड, आणि जागोजागी पिवळाधमक.

"दोरा आहे," मी म्हटलं.

"हो. हळदीचा."

मी रडायला लागले. त्यांनी मला रडू दिलं. मग म्हणाल्या, भाऊंना, म्हणजे आमच्या यांना, सांगितलं आहे की रबर नीट बसलं नव्हतं, माझ्याच हातून राहिलं. मी विचारलं, असं काहून केलं? त्यावर त्या चिमटा पुसत म्हणाल्या, "तुम्हाला त्यांच्यासोबत राहायचं आहे. मला थोडंच राहायचं आहे?"

यांना खरं सांगायला 'सुई माझ्या हातून मोडली' एवढं एक वाक्य पुरलं असतं. मी ते बोलले नाही. तिसऱ्याच दिवशी हे जेवताना म्हणाले, "ताईंचा हात आता पूर्वीसारखा राहिला नाही." मी वरण वाढत होते. ऐकलं आणि वाढत राहिले. हे मित्रांतही तसं बोलले. हळूहळू चांगली चांगली कार्ट्रिज मुंबईला जायला लागली आणि ताईंकडे उरली ती साधी, कुठेही होण्यासारखी कामं. आणि मी, जिला हेच हवं होतं, तिला आता रात्रीचं जेवण पचेना.

मग मी त्यांच्याकडे जायला लागले. आधी अपराधाच्या ओझ्यानं, पुढे सवयीनं. त्यांनी मला सुया निवडायला शिकवलं, ब्रश धरायला शिकवलं. माझा हात चुकीच्या दिशेला वळला की नुसत्या "वहिनी" म्हणत. माझा श्वास त्यांच्या श्वासाबरोबर धरला जायला लागला. मी खरं सांगून टाकायचा विषय काढला की त्या म्हणत, "ते राहू द्या, तो चिमटा द्या." मीही लगेच चिमटा देत असे. भित्र्या माणसाला एवढा आधार पुरतो.

गंमत अशी की आता हे तिथे आले की मला राग येई. आमची दुपार मोडायला काहून येतात? इंदूरहून एक गृहस्थ मिठाईचे डबे घेऊन ताईंना भेटायला येत, त्यांना मी बिनसाखरेचा चहा दिला, दोनदा. सत्तरीला टेकलेली बाई, पण मत्सर तस्साच, कोरा करकरीत. फक्त त्याचं तोंड दुसरीकडे वळलं होतं.

पुढे ताईंचे डोळे गेले. एकदम नाही. नजरेचा मधला भाग पुसत गेला, कडा राहिल्या. सुया ज्यांच्या त्यांना परत झाल्या. लोक म्हणाले, हात तर तेव्हाच गेला होता, आता डोळे. मी हे ऐकलं आणि तेव्हाही गप्प राहिले. नागपूरचा भाचा त्यांना न्यायला आला. सूक्ष्मदर्शक त्यांनी बरोबर घेतला. भाचा म्हणाला, मावशी, आता हा कशाला? त्या म्हणाल्या, "असू दे. त्याला माझी सवय आहे."

तिलवाऱ्याच्या पुलापर्यंत आम्ही दोघं त्यांच्या गाडीतून गेलो. नर्मदेला नमस्कार केला आणि आम्ही उतरलो. यांनी खिडकीत वाकून त्यांचा हात हातात घेतला आणि फार मोठ्या मनानं म्हणाले, "ताई, त्या सुईचं मनाला लावून घेऊ नका. वयानं होतं असं."

"नाही लावत, भाऊ," त्या म्हणाल्या. त्यांना नीट दिसत नव्हतं, तरी चेहरा माझ्याकडे होता. गाडी पूल ओलांडून गेली.

परतीच्या ऑटोत बसल्याबसल्या मी यांना सगळं सांगितलं. पदर, हळद, दोरा, सगळं. मला वाटलं, आता सुईसाठी ओरडतील. मदनमहालजवळ हे म्हणाले, "म्हणजे मी त्यांना आत्ता माफ करून आलो?" आणि तोंड फिरवून बाहेर पाहत राहिले.

सकाळ झाल्याबरोबर यांनी नागपूरला फोन लावला. उभ्यानंच बोलत होते, साहेबांसमोर उभं राहावं तसे. ताई, माझी चूक झाली. ताई, मी लोकांना काय काय बोललो. ताई, मी एकेकाला घरी जाऊन सांगतो, तुमच्या हातात काही कमी नव्हतं. आणि ते गेलेही, महिनाभर, एकेकाच्या दारी. बायकोचं नाव घेऊन. मी तेव्हा मराठी मंडळात जायचं बंद केलं होतं, हेही सांगून टाकते.

पण ते नंतर. त्या सकाळी फोनवर बोलता बोलता हे थांबले, आणि जरा नाराजीनं फोन माझ्यापुढे केला. "तुला मागताहेत."

मी मनाची तयारी केली. सांगायला इतकी वर्षं लावलीत म्हणतील. किंवा मोठेपणानं जाऊ द्या म्हणतील. फोनमध्ये थोडा वेळ नुसता श्वास ऐकू आला.

"काहून सांगितलं, वहिनी?" सुईताई म्हणाल्या. "आपल्या दोघींचं असं तेवढं एकच होतं."

गेल्या हिवाळ्यात सुईताई नागपूरलाच वारल्या. आम्ही दोघं जाऊन आलो. त्या सकाळी फोनवर ताई मला काय म्हणाल्या, हे आमचे हे अजून विचारतात. चहा पिताना विचारतात, मटार सोलताना विचारतात, कारण आता माझ्याबरोबर बसून मटार सोलतात. मी सांगत नाही. जळू देत थोडे.